मोजणारी माणसं

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची गोष्ट. आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होतं. तिळगूळ झाला, वाणं लुटून झाली (स्टीलच्या चाळण्या होत्या, चांगल्या होत्या), आणि मग गप्पा नेहमीच्या वळणावर आल्या. कोणाची सून काय करते, कोणाचा जावई कुठे असतो. फिरत फिरत प्रश्न माझ्याकडे आला.

"तुमची सूनबाई रोज अंधेरीला जाते ना? कशात आहे ती?"

गेली सोळा-सतरा वर्षं मी या प्रश्नाला "कॉम्प्युटरमध्ये" असं एका शब्दात उत्तर देत आले आहे. त्या दिवशी सूनबाई शेजारीच बसली होती, म्हणून तिनेच सांगितलं. "वेब अ‍ॅनालिटिक्स. एखाद्या वेबसाइटवर किती लोक आले, कुठून आले, कुठे अडले आणि कुठून परत गेले, हे मोजायचं आणि त्याचा अर्थ लावायचा."

क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "अगंबाई! म्हणजे लोक काय करतात ते दाराआडून बघायचं! आणि त्याचा पगारही देतात?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

जिना उतरताना सूनबाई एवढंच म्हणाली, "त्यांचं काही नाही, आई. तुम्ही हसायला नको होतं."

तिचं म्हणणं मला लागलं, आणि लागायला कारण होतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी भांडुपच्या एका जिन्यावर मला कोणीतरी जवळजवळ हेच ऐकवलं होतं. ते मी विसरले कशी?

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. कशाची लाज वाटली की मागे जाऊन बघायची खोड आहे. तेव्हा मंडळी, आज थोडा इतिहास. मोजणाऱ्या माणसांचा, आणि लोक त्यांच्याकडे कसं बघत आले त्याचा.

मोजणारा हा प्राणी आपल्याकडे जुना आहे. गावात तो कुळकर्णी होता. कोणाची जमीन किती, पीक किती, सारा किती, सगळं त्याच्या दप्तरात. त्याच्याबद्दल लोकांना काय वाटत होतं ते पाहायचं असेल तर महात्मा फुल्यांचं लिखाण काढावं. 'शेतकऱ्याचा असूड' हे त्यांचं १८८३ सालचं पुस्तक. लिहिता-वाचता येणारा कामगार अडाणी शेतकऱ्याला कागदावर कसा नाडतो, यावर त्यात आसूड ओढलेला आहे. त्याच्या आठ वर्षं आधी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले. तिथून पसरलेल्या उठावात त्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. कागद मिळवायचे आणि जाळायचे. वर्गात हा धडा शिकवताना मी मुलांना विचारायची, कागदच का जाळले? हुशार मुलं सांगायची, "बाई, पुरावा नष्ट करायला." बरोबरच आहे. पण आणखी एक कारण मला नेहमी वाटत आलं. त्या कागदावर आपल्याबद्दल काय लिहिलं आहे, हे त्यांना वाचताच येत नव्हतं. आपला हिशेब दुसऱ्याच्या हातात, आणि तोही आपल्याला न कळणाऱ्या अक्षरात.

पुढे १९१८ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुळकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी आणले. वही राहिली, ती धरणारा हात बदलला.

मुंबईत मोजणी आली ती वेगळ्या वाटेने. जुना शब्द खानेसुमारी, म्हणजे घरांची गणती. शहराची पहिली मोठी खानेसुमारी १८६४ साली झाली. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस बंद झाल्यामुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि माणसं मुंबईत लोटत होती. आकडा आला ८,१६,५६२. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. १८७२ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा ६,४४,४०५. शेअरबाजाराच्या सटोडियांच्या कथा सगळे सांगतात, पण पोटासाठी येऊन परत गेलेल्या माणसांचा मागमूस मला या दोन आकड्यांतच दिसतो.

मग प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. आता घरोघर फिरणारी माणसं नुसती डोकी मोजत नव्हती, आजारी कोण ते शोधत होती आणि सापडलेल्याला इस्पितळात नेत होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. मार्च १८९८ मध्ये झडतीवरूनच मुंबईत दंगल उसळली. पुण्यात रँडचं काय झालं ते आपण शाळेपासून वाचतो. लोक झडतीच्या आधीच माणसं लपवत, पळवून नेत, मृत्यू दडवत. १८९१ ला ८,२१,७६४ असलेली मुंबई १९०१ ला ७,७६,००६ वर आली. रोगाने माणसं गेली आणि भीतीने गाव सोडून गेली. रोग मोजायला हवाच होता, त्यात शंका नाही. पण मोजल्यानंतर माणसाचं काय होणार ते त्याला माहीत होतं, म्हणून मोजणारा त्याला यमदूतासारखा दिसला.

आता माझी गोष्ट. १९८१ ची जनगणना. मी तेव्हा तिशीची, मुलुंडच्या एका मराठी शाळेत शिक्षिका. जनगणनेचं काम शिक्षकांच्या वाट्याला यायचंच. मला भांडुपची डोंगराकडची वस्ती मिळाली. फेब्रुवारीचे दिवस, शाळा सुटली की खांद्याला शबनम, त्यात फॉर्मचा गठ्ठा, आणि चढण.

पहिल्याच दिवशी एका घरातल्या पुरुषाने मला पाहून दार लावून घेतलं. आतून बायकोला म्हणाला, "नसबंदीवाली आहे." आणीबाणी संपून चार वर्षं झाली होती. पण १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. ते कायद्यात उतरलं नाही, तरी वस्तीत धसका तसाच होता. कोणी विचारायचं, रेशनकार्ड रद्द करणार का? कोणी भाच्याला लपवायचं, कारण खोली एकाच्या नावावर आणि राहणारे नऊ. बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. लाजून मुलाला पुढे करायच्या, आणि तो खणखणीत आवाजात बापाचं नाव सांगायचा.

आमच्या गटातल्या फॉर्मवर बायकांना विचारायचा एक प्रश्न होता. मुलं झालेली किती, हयात किती. छापील अक्षरात साधा प्रश्न. एका खोलीत मी तो विचारला आणि ती बाई बराच वेळ पोळपाटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाच. तीन." मी पाच लिहिले, तीन लिहिले. वर दोन वाक्यं बोलायला हवी होती, पण काय बोलायचं ते सुचलं नाही. तिनेच मला चहा दिला.

खाली उतरले तर जिन्याशी चाळीचा मालक उभा. "वरच्या खोलीत किती माणसं सांगितली हो बाई?" त्याला पोटभाडेकरू शोधायचे होते. मी सांगितलं, सांगता येणार नाही, कायदा आहे. (खरंच आहे. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार ही माहिती गुप्त ठेवायची असते. कोर्टातसुद्धा ती पुरावा म्हणून चालत नाही.) तो चिडला. म्हणाला, "मास्तरणीने शाळेत शिकवावं. लोकांच्या घरात डोकावायचे धंदे कशाला?"

हेच ते वाक्य. घरी येऊन मी रडले होते. यजमानांनी विचारलं तर सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर वरच्या खोलीचं सांगावं लागलं असतं.

पण त्याच वस्तीत मला उलटाही अनुभव आला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पत्र्याच्या पेटीतून जपून ठेवलेला फोटोपास काढून दाखवला. जानेवारी १९७६ मध्ये सरकारने बृहन्मुंबईतल्या झोपड्यांची एका दिवसात गणती केली आणि मोजलेल्या कुटुंबांना ओळखपत्रं दिली. ज्यांच्याकडे तो कागद, त्यांना हटवलं तर पर्यायी जागा मागता येत होती. आजोबा म्हणाले, "बाई, मला नीट लिहा. माणूस सुटता कामा नये." तेच काम, तोच फॉर्म, तीच मी. एका दारात मी नसबंदीवाली आणि चार दारं पलीकडे आधार!

फुटपाथवर राहणाऱ्यांना मात्र असा कागद नव्हता. त्यांच्या हकालपट्टीचा खटला सुप्रीम कोर्टात गेला. ओल्गा टेलिस खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि त्याचा निकाल जुलै १९८५ मध्ये लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टाने मानलं. पण पावसाळा संपल्यावर फुटपाथ रिकामे करायला परवानगीही दिली. त्याच वर्षी भायखळ्याच्या भागात एक विलक्षण गोष्ट घडली. 'स्पार्क' नावाच्या संस्थेने फुटपाथवासीयांनाच बरोबर घेऊन त्यांची गणती केली. सुमारे सहा हजार कुटुंबं. कुठून आले, काय काम करतात, किती वर्षं इथे आहेत. अहवालाचं नाव होतं 'वुई, द इन्व्हिजिबल', म्हणजे 'आम्ही, न दिसणारे'. ज्यांना उठवायला माणसं येणार होती त्यांनी आपला आकडा स्वतःच पुढे केला. सुप्याच्या शेतकऱ्याला न वाचता येणारी वही इथे त्याच्यासारख्याच माणसांनी लिहिली होती.

आता सूनबाईच्या कामाकडे येते. हळदीकुंकवानंतरच्या रविवारी मी तिला म्हटलं, "मला नीट शिकव. पहिल्या इयत्तेपासून." ती आधी हसली, मग लॅपटॉप घेऊन बसली.

तिच्या धंद्याचा इतिहास जेमतेम तीस वर्षांचा आहे. सुरुवातीला वेबसाइट ज्या यंत्रावर असे त्याच्या नोंदवहीतल्या ओळी मोजत. त्याला म्हणत 'हिट्स'. एका पानावर दहा चित्रं असली तर एक माणूस आला तरी अकरा हिट्स व्हायच्या. लोक त्यावर मिशीला पीळ देत. मला लगेच २०११ सालची पटपडताळणी आठवली. ऑक्टोबरच्या तीन दिवसांत राज्यभरच्या शाळांत मुलांच्या बोटाला शाई लावून डोकी मोजली आणि कागदावरची किती मुलं वर्गात नव्हतीच ते उघडं पडलं. मी तोवर निवृत्त झाले होते, पण प्रामाणिक शिक्षकांनाही त्या दिवसांत लोक चोर म्हणत होते. खोटं मोजणारा एक असतो आणि बट्टा सगळ्यांना लागतो.

मग 'कुकी' आली. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी ती काढली. कुकी म्हणजे काय, हे समजायला मला वेळ लागला. शेवटी माझं मीच उदाहरण शोधलं. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना, तो. बिल्लेवाल्याला तुमचं नाव माहीत नसतं, पण मघाशी आलेली तीच ही, एवढं कळतं. सूनबाई म्हणाली, "आई, हे मी उद्या ऑफिसात सांगणार!" पुढे गूगलने अर्चिन नावाची कंपनी विकत घेऊन नोव्हेंबर २००५ मध्ये हे मोजण्याचं साधन फुकट खुलं केलं. इतकी गर्दी झाली की काही दिवसांतच नवीन नावं घेणं थांबवावं लागलं. त्यानंतर तीनेक वर्षांनी ही या कामात शिरली. २०२३ च्या जुलैत गूगलने ती जुनी पद्धत बंद केली, तेव्हा हिला चाळिशीत सगळं पुन्हा शिकावं लागलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवा चालू असायचा. मला वाटायचं सिनेमा बघते आहे.

"पण याचा उपयोग काय?" मी विचारलं. तिने एक किस्सा सांगितला. एका ठिकाणी डॉक्टरांची वेळ घेण्याचा फॉर्म होता. बरेच लोक तो अर्ध्यात सोडून जात. मालकांचं म्हणणं, लोकांना गरजच नसेल. हिने कुठे सोडतात ते पाहिलं. जन्मतारखेच्या रकान्यात! तिथे कॅलेंडर होतं, आणि ते एकेक महिना मागे सरकवत न्यावं लागायचं. मी मनातल्या मनात गणित केलं. माझ्यासारख्या पंचाहत्तरीतल्या बाईला गुणिले बारा, म्हणजे नऊशे वेळा बोट टेकवायचं. मीही सोडूनच दिला असता! हिने सांगून तिथे तारीख टाइप करायची सोय करवली. किती म्हाताऱ्या माणसांची सोय झाली, आणि त्यातल्या एकाचंही नाव हिला माहीत नाही. पाच आणि तीन लिहून कागद मिटवावा, तसंच हे.

मी खूश होऊन म्हटलं, "मग तुझं आणि माझं काम एकच की!"

ती म्हणाली, "नाही आई. तुम्ही कडी वाजवून आत गेलात. तुम्हाला दार लावून घेता आलं लोकांना. आम्ही कडी वाजवतच नाही."

मग तिने तीही बाजू सांगितली. आपण एकदा गुडघ्याचा पट्टा शोधला की पंधरा दिवस पट्टेच पट्टे का दिसतात. एका ठिकाणचा बिल्ला दुसऱ्या ठिकाणी कसा ओळखला जातो. 'स्वीकारा' असं बटण येतं ती कडीच, पण त्याखालचा मजकूर इतका लांब आणि इंग्रजीत की कोणी वाचत नाही. मला सुपं आठवलं. आपला हिशेब, दुसऱ्याच्या अक्षरात.

कायदा हळूहळू येतो आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ऑगस्ट २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण १९८१ मध्ये मालकाला उत्तर देताना माझ्या पाठीशी नुसता कायदा नव्हता, मला स्वतःलाच ते सांगायचं नव्हतं. सूनबाईचं काय, असं मी आडून विचारलं. तेव्हा बऱ्याच आढ्यावेढ्यानंतर कळलं, की पूर्वी एका नोकरीत तिला माणसांची नावं आणि फोन नंबर त्यांच्या वागण्याच्या नोंदीला जोडायला सांगितलं होतं. त्या लोकांना न विचारता. तिने नाही म्हटलं. त्या वर्षी बढती दुसऱ्याला मिळाली. कारण तेच होतं असं ती म्हणत नाही. तेव्हा घरी काही बोलली नव्हती, आणि मीही काही विचारलं नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये आहे, एवढं मला पुरत होतं.

लोकांनी मोजणाऱ्याला शिव्या का दिल्या याचं उत्तर मला या सगळ्यातून मिळालं असं वाटतं. मोजण्याचा कोणालाच राग नसतो. फोटोपासवाले आजोबा तर मोजा म्हणून मागे लागले होते. वही आपल्याला वाचता येते का आणि तिचा उपयोग आपल्याला होणार की आपल्याविरुद्ध, एवढंच लोक बघतात. त्यांचा संशय बऱ्याचदा खरा निघालेला आहे, तेव्हा त्याला हसू नये. पण वही प्रामाणिकपणे सांभाळणाऱ्यालाही हसू नये. मी त्या दिवशी तेच केलं होतं.

२०११ च्या जनगणनेत आमच्या उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती आणि शहर जिल्ह्याची ३०,८५,४११. त्यानंतर २०२१ ची जनगणना करोनामुळे राहिली. आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून ती होणार असं जाहीर झालं आहे. माहिती मोबाइलवर भरायची, आणि हवी तर आपली आपणही भरता येईल. म्हणजे माझं काम आणि सूनबाईचं काम शेवटी एकत्र आलंच म्हणायचं! कोणी शिक्षिका दारात आली तर पाणी विचारा हो. ती तुमचं गुपित विकायला आलेली नाही.

असो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आम्ही दोघी पुन्हा गेलो. आंब्याची डाळ खाता खाता मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "त्या दिवशी मी हसले ते चुकलं माझं. सूनबाई मोजणीचं काम करते. मीही करायची, भांडुपला." आणि नऊशे वेळा बोट टेकवायची गोष्ट सांगितली.

मघाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, त्याच बाई थोडा वेळ गप्प होत्या. मग पिशवीतून मोबाइल काढून सूनबाईपुढे धरत म्हणाल्या, "बघ गं जरा, माझ्याबद्दल यात काय काय लिहून ठेवलंय ते." सूनबाईने त्यांना शेजारी बसवून एकेक दाखवायला सुरुवात केली. पाच मिनिटांत तिच्यासमोर चार मोबाइल आणि चार चष्मे रांगेत होते. डाळ संपेपर्यंत काही आम्ही घरी आलो नाही.